जलरंगातील प्रवासदृश्याचा अभ्यास : आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना

प्रवासात पाहिलेल्या दृश्यावरून जलरंगात अभ्यासचित्र करणे ही कलाशिक्षणातील रूढ पद्धती आहे. समीक्षेने मात्र अशा चित्राकडे बहुधा मोठ्या चित्राची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले. कोल्हापूरच्या कलापरंपरेची चर्चाही व्यक्तिचित्रण, शिल्प आणि चित्रपटकला यांभोवती अधिक फिरते. प्रस्तुत लेखात आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांच्या आधारे अभ्यासचित्राचे स्वतंत्र मूल्य तपासले आहे.

दोन दृष्टी

थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये भारतात आले. प्रवासात कॅमेरा ऑब्स्क्युराच्या साहाय्याने त्यांनी स्थळांची रेखाटने केली. १७९३ मध्ये घारापुरी व कान्हेरी येथील लेणीही पाहिली. मायदेशी परतल्यावर ‘ओरिएंटल सीनरी’ (१७९५–१८०८) या मालिकेत १४४ मुद्राचित्रे प्रसिद्ध झाली. वास्तूंचे तपशील नोंदविण्यात या चित्रांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि स्थळाचे दर्शन आणि चित्राची पूर्तता यांत वर्षे लोटली. येथे अभ्यासचित्र हा कच्चा माल ठरतो.

आबालाल यांचा मार्ग याहून भिन्न आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास परतले. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर हे त्यांचे चित्रविषय. हा प्रवास पायी फिरण्याइतकाच. परंतु तो पुनःपुन्हा केलेला. एकदाच येणारा प्रवासी स्थळाचे वैशिष्ट्य टिपतो; नित्य जाणाऱ्यास कालच्या आणि आजच्या पाण्यातील फरक दिसतो. म्हणून त्यांच्या चित्रांत स्थळापेक्षा त्या घटकेचा प्रकाश हाच खरा विषय होतो.

माध्यमाची अट

जलरंगाचा स्वभाव या दृष्टीस पूरक आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे राखून ठेवलेला कागद. एकदा गडद झालेला भाग पूर्ववत उजळ करणे कठीण. रंगाचा थर ओला असेपर्यंतच निर्णय घ्यावा लागतो. आषाढातील दमट हवेत तो थर लवकर वाळत नाही, कडा मऊ राहतात. चैत्राच्या उन्हात कुंचल्याच्या खुणा तत्काळ पक्क्या होतात. अशा रीतीने हवामान केवळ चित्राचा विषय न राहता त्याच्या घडणीत सहभागी होते. चित्रशाळेत स्मरणाने पूर्ण केलेल्या चित्रास हे साधत नाही.

समीक्षेची उणीव

१९२२ मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर आबालाल यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९३१ मध्ये ते निवर्तले. या आख्यायिकेने कलावंताच्या वेदनेकडे लक्ष वेधले, पण उरलेली चित्रे बारकाईने पाहण्याचे काम मागे पडले. बुडालेल्या चित्रांविषयी हळहळणे सोपे. हाती असलेल्या छोट्या चित्राचे वाचन करणे अवघड.

आजचा संदर्भ

अभ्यास सहलीत पन्हाळा किंवा जोतिबा येथे भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यायचे आणि परतल्यावर त्यावरून जलरंगचित्र करायचे, ही सवय आज सर्रास दिसते. छायाचित्रात काळ्या दगडाच्या सावल्यांतील छटा बुजतात, गुलालाचा रंग भडक होतो. काय ठेवावे व काय सोडावे हा निर्णय यंत्राने आधीच घेतलेला असतो. छायाचित्र स्मरणास साहाय्यक म्हणून उपयुक्त आहे. निरीक्षणाची जागा ते घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

अभ्यासचित्राचे मोल सफाईवर नव्हे, तर स्थळावर घेतलेल्या निर्णयांवर ठरावे. मूल्यमापनात एका सफाईदार चित्राऐवजी एकाच स्थळाची तीन वेगवेगळ्या वेळची चित्रे मागितली, तर विद्यार्थ्याची दृष्टी अधिक स्पष्टपणे तपासता येईल. आबालाल यांचा वारसा गौरवापुरता न ठेवता अध्यापनात उतरविण्याचा हा मार्ग आहे.