रहस्यकथेतील प्रेम आणि संशयाची वाटणी

मराठी समीक्षेने रहस्यकथेला आपल्या पंगतीत कधी मनापासून बसवून घेतले नाही. बाबुराव अर्नाळकर १९९६ साली निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके होती. गुरुनाथ नाईक २०२१ साली गेले. त्यांचाही आकडा हजाराच्या पुढचा. दोघांविषयी बोलताना आकड्याचेच कौतुक अधिक झाले. एवढ्या लिखाणात माणसे कशी रंगवली आहेत, संशय कोणावर आणि का रोखला आहे, हे तपासण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. ज्या पुस्तकांनी खेड्यापाड्यांतील वाचकाला अक्षरांची गोडी लावली, त्यांच्याकडे त्यांच्या दोषांसह गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कंधारसारख्या गावात या वाचनाला आणखी एक पदर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शाळेची भाषा प्रामुख्याने उर्दू होती. त्या शाळांतून शिकलेल्या वाचकाला पुढे दोन्ही दारे उघडी होती. एका दारात अर्नाळकरांचा झुंजार उभा होता, तर दुसऱ्या दारात इब्ने सफी यांचा कर्नल फरीदी. उर्दूत शृंगारिक मजकुराशिवाय काही खपत नाही, ही समजूत खोटी पाडण्याच्या ईर्ष्येने इब्ने सफी यांनी १९५२ साली अलाहाबादेहून ‘जासूसी दुनिया’ ही माला सुरू केली, आणि ती खपवूनही दाखवली. या कथा हिंदीत आल्या तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि पुढच्या मालेतील इमरानचा राजेश झाला. नायकाच्या नावात काय असते, हे प्रकाशकांना समीक्षकांच्या आधी कळले होते. या मुद्द्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

या विषयावर लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या भाविकांपैकी एका मातेच्या तक्रारीचे. कॉलेजात जाणारी मुलगी पाठ्यपुस्तकात रहस्यकादंबऱ्या लपवून वाचते, तेव्हा “फादर, तुम्हीच तिला दोन शब्द सांगा,” असा त्यांचा आग्रह होता. त्या पुस्तकांत पानोपानी खून होते. खुनांविषयी मातेची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती प्रेमप्रकरणांविषयी! आम्ही तो गठ्ठा मागून घेतला आणि सवडीने वाचला. भाड्याच्या लायब्रऱ्यांतून हिंडून आलेली ती जुनी पुस्तके होती. एकाचे शेवटचे पान गायब होते, पण कोणा परोपकारी वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवले होते.

रहस्य आणि प्रेम यांचा संसार मराठीत नवा नाही. गो. ना. दातार यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत भुयारे, वेषांतरे आणि संकटात सापडलेल्या सुंदरी एकमेकांच्या हातात हात घालूनच वावरतात. अर्नाळकरांनी हे प्रकरण मोठ्या शहाणपणाने मिटवले. त्यांच्या झुंजारला विजया ही पत्नी आहे, आणि ती घरात बसून वाट पाहणारी नाही. त्याच्या साहसांत ती बरोबरीने उतरते. प्रेमाचा प्रश्न लग्नाने सुटलेला असल्यामुळे लेखक कथानकाकडे मोकळ्या मनाने वळू शकतो. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या हातात हा समतोल बदलला. फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद या त्यांच्या नायकांभोवती तरुण पोरांची खरीखुरी बोली आली, थट्टा आली, हुरहूर आली. पुढे ते ‘दुनियादारी’सारख्या कादंबरीकडे वळले, तेव्हा त्यांचा रहस्यकथेचा वाचकही त्यांच्यामागे गेला. आमच्या मते यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. मुलगी हो म्हणेल की नाही आणि खून कोणी केला, ही दोन्ही कोडी तरुण मनाला सारख्याच निकडीची वाटतात.

मग त्या गठ्ठ्यातील बहुतेक पुस्तकांनी आमची निराशा का केली? प्रेम आले म्हणून नव्हे. प्रेम आले की त्या पुस्तकांत न्याय ढळतो, म्हणून. नायकाचे मन जिच्यावर जडले, तिच्यावर पुढे संशयाची सावलीसुद्धा पडत नाही. तिच्या पर्समध्ये पिस्तूल सापडो, रात्री बारा वाजता ती बंगल्याच्या मागच्या दाराने बाहेर पडो, सराईत वाचक शांत असतो, कारण ती निर्दोष ठरणार हे त्याला तिसऱ्याच प्रकरणात कळलेले असते. असे प्रेम म्हणजे तपासातून मिळालेली सूट. सूट मिळालेल्या माणसाविषयी काही शोधून काढायचे उरत नाही, आणि मग प्रेमही कोरडे होते, रहस्यही.

या नाण्याची दुसरी बाजू आम्हांस अधिक बोचली. एकाला सूट दिली की दुसऱ्यावर बोजा पडतोच. आमच्या वाचनात आलेल्या, मुंबईच्या पार्श्वभूमीवरील कित्येक कथांत एक रोझी, मारिया किंवा लिली भेटते. ती हॉटेलात नाचते, नाहीतर साहेबाची टायपिस्ट असते. ओठ रंगवलेले, हाती सिगारेट, गळ्यात क्रूस. नायकाला ती मोहात पाडू पाहते आणि बहुधा शेवटापूर्वी गोळीला बळी पडते. तिला घर नाही, आईबाप नाहीत, रविवारची मिस्सा नाही. हिंदी चित्रपटांनी हाच साचा वर्षानुवर्षे वापरला हे खरे. पण चित्रपटाची उसनवारी म्हणजे लेखकाची सुटका नव्हे. कंधारच्या ज्या मुलीने ही पुस्तके वाचली तिचे नावही याच नावांपैकी एक आहे. स्वतःचे नाव दर वेळी खलनायकाच्या टोळीत सापडणाऱ्या वाचकाला ती कथा कशी लागत असेल, हा प्रश्न या लेखकांना पडलेला दिसत नाही. मातेने ज्या प्रेमप्रसंगांना आक्षेप घेतला, ते या अन्यायाच्या मानाने अगदीच निरुपद्रवी होते, आणि तसे आम्ही त्यांना सांगितले.

इंग्रजीत या साच्यावर एका धर्मगुरूनेच बोट ठेवले होते. रोनाल्ड नॉक्स यांनी पुढे एकट्याने संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले. पण त्याआधी ते रहस्यकथा लिहीत. १९२९ साली त्यांनी या प्रकारासाठी गमतीगमतीत दहा आज्ञा घालून दिल्या. वाचकापासून कोणताही दुवा लपवू नये, अतिमानवी शक्तीने गुंता सोडवू नये, अशा त्या आज्ञा. त्यांतच एक विचित्र नियम आहे: कथेत चिनी माणूस असू नये. आज तो कानाला खटकतो. परंतु त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी माणूस आला की तोच खलनायक, हे ठरलेले असे, आणि नियमाचा रोख त्या ठरीवपणावर होता. मराठीसाठी अशा आज्ञा कोणी लिहिल्याच, तर चिनी माणसाच्या जागी रोझीला घालावे लागेल.

प्रेमाविषयीचा वाद मात्र डोरोथी सेयर्स या लेखिकेने स्वतःशीच घातला. प्रेमप्रकरण हेरकथेच्या वाटेत अडथळा आणते, असे तिने १९२८ साली लिहिले. दोनच वर्षांनी तिने ‘स्ट्राँग पॉयझन’ लिहिली. तिच्यात हेराचे मन जिच्यावर जडते, ती स्त्री पूर्वीच्या प्रियकराला विष दिल्याच्या आरोपावरून पिंजऱ्यात उभी आहे. येथे प्रेमाने सूट मिळत नाही. ती निर्दोष आहे असे हेराचे मन ग्वाही देते. न्यायालयाला मात्र पुरावा हवा असतो आणि तो त्याला एकेक करून गोळा करावा लागतो. ती सुटते, आणि तरीही त्याला नकार देते. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार तिला होकार वाटत नाही. खरा होकार येण्यास १९३५ ची ‘गॉडी नाइट’ उजाडावी लागते. प्रेमालाही पुराव्याइतकाच काळ लागतो, हे त्या पाच वर्षांत जितके दिसते तितके अनेक निव्वळ प्रेमकथांतही दिसत नाही.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ मध्ये चित्रपटसृष्टी सोडून पुण्याला येऊन राहिले होते. त्यांच्या ‘अर्थमनर्थम्’ या कथेत खून झालेल्या घरातील सुकुमारवर संशयाचा फास आवळला जातो आणि त्याच्यासाठी सत्यवती ब्योमकेशकडे गयावया करते. तिच्या अश्रूंनी तो हेलावतो, पण तपास सोडत नाही. ती पुढे त्याची पत्नी होते. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची मालिका लागली तेव्हा रजित कपूर यांच्याबरोबर सत्यवती उभी केली ती सुकन्या कुलकर्णी यांनी. मराठवाड्यातही ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता, त्यांनी हे प्रेम पाहिले आहे. सत्यजित राय यांनी मात्र फेलूदाच्या कथांतून स्त्रीपात्रे जवळजवळ वगळूनच टाकली. मुलांसाठी लिहिताना ते सोयीचे होते. अशोक जैन यांच्या मराठी अनुवादांत या कथा आम्ही आनंदाने वाचल्या, पण प्रश्न टाळला म्हणजे सुटला असे होत नाही.

सेमिनरीत आमच्या पिढीने चेस्टरटनचा फादर ब्राउन वाचला. पहिल्याच कथेत धर्मगुरूचा झगा घालून आलेला फ्लॅम्बो हा चोर बुद्धीवर टीका करू लागतो, आणि हा खरा धर्मगुरू नव्हे हे फादर ब्राउन त्यावरून ओळखतो. १९२७ च्या संग्रहात तो आपली रीत उलगडून सांगतो: खुनी बाहेर हुडकण्याआधी तो त्याला स्वतःच्या अंतःकरणात शोधतो. प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या माणसाला ही रीत अनोळखी नाही. संशयाची सुरुवात स्वतःपासून झाली, तर रोझीवर तो आपोआप जाऊन बसत नाही आणि नायिकेवरून आपोआप उडतही नाही. त्याच फ्लॅम्बोला चेस्टरटनने पुढे फादर ब्राउनचा मित्र आणि हेर केले आहे.

मुलीला आम्ही वाचन सोडण्यास सांगितले नाही. एका गोष्टीचा शोध घेण्यास मात्र सांगितले: जिच्यावर नायकाचे प्रेम आहे तिलाही लेखक इतरांसारखेच प्रश्न विचारतो, आणि रोझीलाही उत्तर देण्याची संधी देतो, असे पुस्तक मिळाले तर आणून दाखव. फेलूदाचे दोन भाग आणि शिरवळकरांची तीन पुस्तके तिने परत आणली आहेत. हवे ते पुस्तक तिला अजून मिळालेले नाही. मराठीत ते आमच्याही पाहण्यात नाही.