एका ‘अ’ची किंमत

परदेशात मुलांना मराठीपण द्यायचं म्हटलं की आपण बहुधा तोंडापासून सुरुवात करतो. जेवणाआधी ‘वदनी कवळ’, गणपतीत मोदक, होळीला पुरणपोळी. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ तर आपल्याला अर्थ न विचारताच पाठ असतं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या आपल्या पुस्तकाच्या नावात या वाक्याला एकच अक्षर जोडलं: ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’.

हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याविषयी आहे. त्यात पाककृती आहेत, पण ‘रुचिरा’च्या शेजारी ठेवायला म्हणून घ्याल तर फसाल. एरवीच्या पाककृतीत एक गोष्ट न बोलता धरलेली असते: जिन्नस घरात आहेत, नसले तर आणता येतील. इथे ते गृहीत धरता येत नाही. तूप-दुधाची चैन नाही. आहे ती ज्वारीची भाकरी, कालवण दाट करणारा येसूर आणि चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. चान्या ही हौस नव्हे. एकदम हाती आलेलं मांस टिकवायची ती सोय होती.

पुस्तकाचा खरा पेच पुढेच आहे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडायला सांगितलं होतं. मग जे सोडायचं ठरलं, ते लिहून का ठेवायचं? मला पुस्तकातून मिळालेलं उत्तर असं: खाणं सोडणं वेगळं आणि ते का खावं लागलं हे विसरणं वेगळं. पहिल्यात स्वाभिमान आहे. दुसऱ्याचा फायदा मात्र ज्यांनी ती वेळ आणली त्यांनाच होतो.

२०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांचा इंग्रजी अनुवाद आला, ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने. अनुवाद झाला हे फार चांगलं झालं. आपली मुलं पुस्तक बहुधा त्यातूनच वाचतील. पण नाव बदलताच पुस्तकाचा रोख बदलतो. इंग्रजी नाव परक्याला माहिती देतं, मराठी नाव तुमच्या-माझ्याशी भांडतं. ‘पूर्णब्रह्म’ ज्याने ताटावर बसून कधी ऐकलंच नाही, त्याला ‘अपूर्ण’ बोचणार कसं?

म्हणून मुलांच्या हाती इंग्रजी प्रत जरूर द्या. तो ‘अ’ मात्र तुम्हालाच, मराठीत, समजावून सांगावा लागेल.