मतपत्रिकेवरील क्रियापदे

अमेरिकेच्या काही घटक राज्यांत नागरिकांनी ठरावीक संख्येने स्वाक्षऱ्या मिळविल्या म्हणजे कायद्याचा मसुदा विधिमंडळास वगळून थेट मतपत्रिकेवर ठेवता येतो. अशा जनप्रस्तावांच्या मार्गाने गांजा वैध करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची चर्चा आरोग्य, गुन्हेगारी आणि महसूल या अंगांनी पुष्कळ होते. मजकूर म्हणून ते क्वचितच वाचले जातात. वस्तुतः त्यांतील कित्येकांचे भवितव्य एखाद्या क्रियापदाने ठरविले आहे.

५ नोव्हेंबर १९९६ या एकाच दिवशी कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या दोन राज्यांतील मतदारांनी रुग्णांसाठी गांजाची वाट मोकळी करणारे प्रस्ताव संमत केले. ॲरिझोनात सुमारे ६५ टक्के मते अनुकूल पडली, कॅलिफोर्नियात ५५ टक्क्यांहून थोडी अधिक. तथापि ॲरिझोनाचा कायदा, गांजापुरता तरी, जन्मतःच निर्जीव ठरला. त्या मसुद्यात डॉक्टराने गांजा ‘लिहून देणे’ अपेक्षिले होते. १९७० च्या संघीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत घातलेला. त्या अनुसूचीतील द्रव्य कोणाही डॉक्टरास लिहून देता येत नसे, आणि औषध लिहून देण्याचा त्याचा अधिकार संघीय नोंदणीवर अवलंबून होता. कॅलिफोर्नियाच्या प्रस्ताव क्र. २१५ ने डॉक्टराची ‘शिफारस अथवा संमती’, तीही लेखी वा तोंडी, पुरेशी मानली.

ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर औषध लिहून देणे ही उच्चाराने घडणारी कृती आहे. बोलणाऱ्याच्या ठिकाणी अधिकार नसेल तर ती कृती घडतच नाही. शिफारस हीसुद्धा एक कृतीच, परंतु तिला मताचे स्वरूप आहे, आणि मत व्यक्त करण्यास परवाना लागत नाही. संघीय शासनाने शिफारस करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी रद्द करण्याची धमकी दिली, तेव्हा कोनंट विरुद्ध वॉल्टर्स (२००२) या खटल्यात अपील न्यायालयाने नेमका हाच भेद मान्य केला आणि शिफारशीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. ॲरिझोनास कार्यक्षम कायदा मिळण्यास २०१० साल उजाडले. त्या वेळच्या मसुद्यात डॉक्टर ‘दाखला देतो’. बहुमत होते चार-साडेचार हजार मतांचे. मधल्या चौदा वर्षांतील रुग्णांना एका शब्दाची ही किंमत मोजावी लागली.

म्हणून प्रस्ताव क्र. २१५ निर्दोष मानण्याचे कारण नाही. कर्करोग, एड्स, काचबिंदू, अर्धशिशी अशी आजारांची यादी देऊन शेवटी ‘गांजाने आराम पडेल असा इतर कोणताही आजार’ हे शेपूट जोडल्याने यादी निरर्थक झाली. किती गांजा जवळ बाळगावा हे मसुदा सांगत नाही. विधिमंडळाने २००३ मध्ये परिमाणे ठरविली. पण मतदारांनी केलेला कायदा मतदारांवाचून संकुचित करता येत नाही, या कारणास्तव ती रुग्णाच्या बचावाच्या आड येऊ शकत नाहीत, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. जनप्रस्तावाची ढिलाई अशी टिकाऊ असते.

मतदारापुढे येणारे शब्द प्रस्तावकांचेच असतात असेही नाही. ओहायोत २०१५ साली आलेल्या प्रस्तावाने गांजाच्या व्यापारी लागवडीचा हक्क दहा ठराविक जागांपुरता राखून ठेवला होता. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने त्यास दिलेला मथळा ‘मक्तेदारी बहाल करतो’ अशा आशयाचा होता. प्रस्तावकांना हा शब्द अर्थातच झोंबला, परंतु न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि योग्यच केले. वर्णन खरे होते. प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. पराभवाचे श्रेय एकट्या मथळ्यास देणे मात्र धाडसाचे होईल, कारण मक्तेदारीचे कलम मसुद्यातच होते.

फ्लोरिडाचे प्रकरण भाषाभ्यासकास सर्वांत उद्बोधक. तेथे मतपत्रिकेवरील सारांश पंचाहत्तर शब्दांत बसवावा लागतो. एका प्रस्तावाच्या सारांशात, एकवीस वर्षांवरील व्यक्तीस अडीच औंसांपर्यंत गांजा बाळगण्याची परवानगी देतो, असे विधान कोणतीही पुस्ती न जोडता केलेले होते. संघीय कायद्यान्वये तो गुन्हा असताना ‘परवानगी देतो’ हे क्रियापद मतदाराची दिशाभूल करते, असे ठरवून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पाच विरुद्ध दोन मतांनी प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ दिला नाही. निदान अर्धवट वाटते. पाणिनीने अनुज्ञेस ‘अतिसर्ग’ अशी संज्ञा योजून ती आज्ञेहून वेगळी मानली आहे; आणि अनुज्ञा म्हटली की ती देणारा कोण हा प्रश्न आलाच. तो सारांश इंग्रजीच्या लघुलेखी रीतीने क्रियापदानेच सुरू होतो, कर्ता अध्याहृत आहे. उणीव क्रियापदात नव्हती, लुप्त कर्त्यात होती. राज्याच्या संविधानातील दुरुस्ती राज्याच्याच नावे परवानगी देऊ शकते, हे न्यायाधीशांस कळत होते. मतदारास कळणार नाही असे त्यांनी गृहीत धरले. ही शंका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. स्वतःच्या वापरापुरता गांजा बाळगणारे कॅलिफोर्नियातील रुग्णही संघीय कायद्याच्या कक्षेत येतात, हे गोन्झालेस विरुद्ध रेच (२००५) या निकालाने स्पष्ट झाले होते. परंतु त्यावर उपाय एका वाक्याचा होता, आणि त्यासाठी प्रस्तावच बाद करणे अतिरेकी होते.

ते वाक्य पुढच्या प्रस्तावाने घातले. त्याचा सारांशही तसाच कर्त्यावाचून, ‘मुभा देतो’ या क्रियापदाने सुरू होतो; पण हे फ्लोरिडाच्या कायद्यास लागू असून संघीय कायद्यात त्याने बदल होत नाही, असे त्यात म्हटले होते. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. नोव्हेंबरात त्यास सुमारे ५६ टक्के मते पडली, परंतु फ्लोरिडात संविधानदुरुस्तीस ६० टक्के लागतात.