बेल्मन: मद्यगीतांचा कवि कीं मृत्यूचा?

मद्य आणि मदिराक्षी यांवर पदें रचणाऱ्या कवीला सभ्य समाज दोन प्रकारांनीं वागवितो. तो जिवंत असेपर्यंत त्याला बैठकीपुरतें जवळ करतो, आणि तो मेल्यावर त्याच्या रचनेंत गूढार्थ शोधूं लागतो. दोन्ही प्रकारांत कवीवर अन्यायच होतो. स्वीडनचा कवि-गायक कार्ल मिकाएल बेल्मन याच्या वांट्याला हे दोन्ही अन्याय आले.

बेल्मनचा जन्म ४ फेब्रुवारी १७४० रोजीं स्टॉकहोम शहरांत झाला. तरुणपणीं त्यानें तेथील सरकारी बँकेंत नोकरी धरली. पण कर्ज इतकें वाढलें कीं, १७६३ सालीं सावकारांचा ससेमिरा चुकविण्यासाठीं त्याला नॉर्वेंत पळून जावें लागलें. पुढें राजा तिसरा गुस्ताव याची मर्जी बसली आणि १७७६ सालीं सरकारी लॉटरीच्या कचेरींत त्याला चिटणिसाची जागा मिळाली. १७९२ सालीं मुखवट्यांच्या नृत्यसमारंभांत राजावर गोळी झाडली गेली. त्या जखमेनें राजा वारला आणि कवीचा आश्रयहि संपला. १७९४ सालीं कर्जापायीं बेल्मनला तुरुंग पाहावा लागला, आणि ११ फेब्रुवारी १७९५ रोजीं तो क्षयानें मरण पावला.

त्याची कीर्ति मुख्यत्वें दोन ग्रंथांवर उभी आहे: १७९० सालचीं ‘फ्रेडमनचीं पत्रें’ आणि १७९१ सालचीं ‘फ्रेडमनचीं गीतें’. पहिल्यांत ८२ पदें आहेत, दुसऱ्यांत ६५. फ्रेडमन हा स्टॉकहोममधील खराखुरा घड्याळजी. एके काळीं त्याचें बरें चाललें होतें. पण पुढें तो दारिद्र्यांत बुडाला व १७६७ सालीं वारला. या भणंग माणसाला बेल्मननें मद्यदेवाचा प्रेषित केलें आणि सेंट पॉलच्या पत्रांचें विडंबन म्हणून त्याच्या तोंडीं हीं पदें घातलीं. भोंवतीं गुत्त्यांतले वादक, मोडलेले शिपाई, आणि त्या सर्वांची व्हीनस जी उल्ला विनब्लाड ती. काळ मोजण्याचा ज्याचा धंदा, त्याच्याच हातून काळ निसटत आहे, यांतील मर्म वाचकाला निराळें सांगावयास नको.

या पदांच्या चाली बहुतेक उसन्या आहेत. फ्रेंच संगीतिका, दरबारी नृत्यें, लष्करी कवाइतीचें संगीत, जेथें जें सांपडलें तें त्यानें उचललें. आपल्या संगीत नाटकांतहि पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापण्याची रीत होतीच. तेव्हां उसन्या चालीवरून कवीला कमी लेखण्याचें आपणांस तरी कारण नाहीं. बेल्मनचें कौशल्य चालीच्या निवडींत आहे. राजवाड्यांतील डौलदार मिन्युएटवर तो गुत्त्यांतील दंगल बसवितो. सूर म्हणतात ‘दरबार’, शब्द म्हणतात ‘गटार’. आणि या दोहोंच्या मधल्या फटींतून हंसूं व करुणा एकदमच बाहेर पडतात. म्हणून नुसतें छापील पद वाचणाराला अर्धाच बेल्मन भेटतो. तो स्वतः सिटर्न नांवाचें तंतुवाद्य छेडीत गात असे; तेंच वाद्य हातीं घेतलेलें त्याचें चित्र पेर क्राफ्ट यानें १७७९ सालीं काढलें.

तेविसावें पत्र पाहावें. गुत्त्याबाहेर गटारांत पडलेला फ्रेडमन ज्या घटकेला आपण गर्भांत आलों त्या घटकेला शिव्याशाप देतो. आईबापांनाहि सोडीत नाहीं. इतक्यांत सकाळ होते, गुत्त्याचें दार उघडतें, घोट पोटांत जातो, आणि तोच माणूस त्याच आईबापांचे आभार मानूं लागतो. दुबळ्या कवीनें येथें उपदेश केला असता. बेल्मन निवाडा देत नाहीं. शाप आणि आभार दोन्ही खरे आहेत, एवढेंच तो दाखवितो. तिसाव्या पत्रांत क्षयानें खंगणाऱ्या मोवित्सला तो पेला भरून निरोप देतो. ग्रंथ निघाल्यावर पांच वर्षांच्या आंतच तो रोग कवीलाहि घेऊन गेला.

योहान हेन्रिक चेल्ग्रेन या नामवंत समकालीन कवीनें १७७८ सालीं बेल्मनची जाहीर टवाळी केली होती. त्याच चेल्ग्रेननें १७९० सालीं ‘पत्रां’ना गौरवपर प्रस्तावना लिहिली. हें मतपरिवर्तन टीकाकाराला भूषणावह आहे. अभिजात नियमांच्या मापानें न मोजतां येणारी प्रतिभा समोर आली असतां माप बाजूला ठेवावें लागतें, हें त्यानें मानलें.

याचा अर्थ बेल्मनमध्यें उणें नाहीं असा नव्हे. राजस्तुतीपर व प्रासंगिक रचना त्यानें पुष्कळ केली. तिच्यांत सफाई आहे, पण ओलावा थोडा. ‘गीतें’ हा दुसरा ग्रंथहि पहिल्याइतका एकजीव नाहीं. उल्लेसाठीं त्यानें एका खऱ्या स्त्रीचें आयुष्य वापरलें. तिच्या लौकिकाची किंमत कोणीं दिली, हा प्रश्न रसिकाला टाळतां येणार नाहीं. परंतु व्यसनाचें समर्थन त्यानें केलें, हा आक्षेप मात्र टिकत नाहीं. त्याच्या पदांत पेला जितक्या वेळां भरतो, तितक्या वेळां मृत्यु दाराशीं उभा असतो.

ब्यायशींव्या आणि शेवटच्या पत्रांत उन्हाळ्यांतली सकाळ आहे. हिरवळीवर झऱ्याकांठीं उल्लेची न्याहारी मांडलेली आहे. आणि तेथेंच फ्रेडमन सर्वांचा निरोप घेतो. अन्न, सावली, पाणी, सोबत, सगळें जागच्या जागीं असतांना उठून जावयाचें! स्टॉकहोमच्या क्लारा चर्चच्या आवारांत बेल्मनला पुरलें, पण त्याची नेमकी जागा कोणीं जपली नाहीं. १८५१ सालीं स्वीडिश अकादमीनें तेथें स्मारक उभारलें. कबर हरवली, गाणीं राहिलीं. आणि तीं आजहि स्वीडनमध्यें गाइलीं जातात.