मदर तेरेसांची पत्रं आणि देवाचं मौन

मागच्या गुरुवारी व्याख्यान संपल्यावर एक चिठ्ठी आली. तिच्यात एकच प्रश्न होता : देव जवळ आहे असं वाटतच नसताना तो जवळ आहे म्हणत राहणं, ही स्वतःची फसवणूक नव्हे का? खाली सही नव्हती. प्रश्न जुना आहे. पण मी तो आज एका पुस्तकाच्या आधाराने घेणार आहे, कारण हवेतल्या चर्चेत आस्तिक आणि नास्तिक दोघेही फार लवकर जिंकतात.

पुस्तक आहे मदर तेरेसांच्या खाजगी पत्रांचं. त्यांच्या निधनानंतर १० वर्षांनी, २००७ साली ते इंग्रजीत निघालं. संपादक फादर ब्रायन कोलोडिएचुक. तेरेसांना संतपद मिळावं म्हणून चर्चपुढे जे प्रकरण चाललं, ते चालवण्याची जबाबदारी यांच्याकडेच होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हकीकत अशी. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत तेरेसांना हाक आली : गरिबांत जा. नंतरचे काही महिने त्यांना ख्रिस्ताचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. १९४८ साली त्यांनी लोरेटोचा मठ सोडला, कलकत्त्याच्या वस्त्यांत उतरल्या, आणि काम उभं राहू लागलं तसा तो आवाज गेला. १९५८ च्या अखेरीस काही आठवडे उघडीप मिळाली, तेवढीच. एरवी १९९७ पर्यंत अंधार. म्हणजे जवळजवळ ५० वर्षं! मधे १९७९ चं नोबेल येऊन गेलं, सगळ्या जगाने तो हसरा चेहरा पाहिला. आणि पत्रांत ही बाई आपल्या वरिष्ठांना कळवते आहे की आत पोकळी आहे, स्वर्ग या शब्दाला अर्थ उरलेला नाही, प्रार्थना कुठे पोचत नाही.

पुस्तक आलं तेव्हा दोन प्रकारची मंडळी खूश झाली. एक म्हणाली, पाहा, ही तर आमच्यातलीच निघाली, हिचा विश्वास कधीच संपला होता. दुसरी म्हणाली, छे, ही तर आत्म्याची काळोखी रात्र, संत जॉन ऑफ द क्रॉसने १६ व्या शतकात लिहून ठेवलेली! थोर आत्म्यांनाच ती येते. संपादकांचा कल अर्थातच या दुसऱ्या बाजूचा आहे. प्रत्येक पत्राच्या आगेमागे ते समजावत राहतात की हा अंधार खरा अंधार नव्हे, तीही एक कृपाच. मला हे वाचताना त्रास झाला. पत्रात बाई बुडते आहे आणि काठावर कोणीतरी पाण्याचे गुणधर्म सांगतो आहे, असं काहीसं. शिवाय जॉनच्या परंपरेत ती रात्र वाटेतली असते, पहाटेकडे नेणारी. इथे पहाटेची खूण फारशी सापडत नाही, मग रूपक ताणायचं तरी किती?

आपण मराठी वाचक आणखी एक चूक करतो. आपण लगेच म्हणतो, हा विरह! गोपी आठवतात, ज्ञानोबांच्या विराण्या आठवतात. पण विरहात प्रियकर मथुरेला गेलेला असतो हो, नाहीसा झालेला नसतो. त्या दुःखाला एक गोडी असते, ते गाता येतं. तेरेसांची पत्रं गाता येत नाहीत. वाक्यं तुटक, मधे नुसत्या रेघा. इथे शंका प्रियकराच्या येण्याची नाही, असण्याचीच आहे. जवळ जायचंच तर तुकोबांच्या त्या अभंगांजवळ जावं जिथे ते देवाला मेल्यात जमा करून मोकळे होतात. पण तुकोबा भांडतात मोठ्याने. तेरेसा चिठ्ठी लिहितात आणि वाचून फाडून टाका म्हणतात.

आता या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस : फादर जोसेफ नॉयनर. ऑस्ट्रियन जेझुइट, धर्मशास्त्राचे प्राध्यापक. आपल्या पुण्यात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं आणि वयाच्या १०१ व्या वर्षी ते वारले तेही पुण्यातच. १९६१ साली तेरेसांनी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. नॉयनरनी त्यांना साधारण तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, यावर माणसाच्या हाती उपाय नाही, आणि जाणीव होणं हा काही देवाच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे. दुसरी, देवासाठीची ही तळमळ हीच त्याच्या असण्याची खूण. तिसरी, हा अंधार तुमच्या कामाचाच आतला भाग आहे.

दुसरा मुद्दा मला पटत नाही. तहान लागली म्हणून विहीर असतेच असं नाही. हे दुष्काळी भागातल्या माणसाला तत्त्वज्ञान शिकवावं लागत नाही. अँटनी फ्ल्यूने १९५० साली अदृश्य माळ्याची गोष्ट सांगून नेमकं इथेच बोट ठेवलं. बागेला माळी आहे म्हणता, तो दिसत नाही, ऐकू येत नाही, कुंपणाला हात लावत नाही. मग माळी नसलेल्या बागेत आणि या बागेत फरक काय? अनुपस्थितीलाच उपस्थितीचा पुरावा मानलं की कुठलीच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाऊ शकत नाही, आणि ज्याविरुद्ध काहीच जाऊ शकत नाही ते विधान काही सांगतही नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं इथवर अगदी बरोबर आहे.

पण तिसरा मुद्दा वेगळा आहे, आणि तेरेसांना हलकं केलं ते बहुधा यानेच. रस्त्यावर टाकून दिलेला, कोणालाही नको असलेला माणूस हेच आपल्या आतल्या स्थितीचं चित्र आहे, असं त्या लिहितात. नकोसं होणं ही सर्वांत मोठी गरिबी, असं त्या जगाला सांगत होत्या ते ऐकीव नव्हतं. इथे देवाबद्दल विधान नाही, जागेबद्दल आहे. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत क्रुसावरचा येशू जुन्या स्तोत्रातली ओळ ओरडतो, देवाने मला का टाकलं असं विचारणारी. लूक आणि योहान ती ओरड देत नाहीत. त्यांना ती जड गेली असावी. मार्कने मात्र ती मूळ अरामी बोलीतच ठेवली. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ऐन मध्यावर उत्तर न आलेली एक हाक आहे. टाकलेल्या माणसाजवळ देव आहे याचा तिथे अर्थ, टाकलं जाणं त्याने स्वतः बाहेरून पाहिलेलं नाही. हे सिद्ध होत नाही, मान्य. पण फ्ल्यूच्या माळ्यासारखं ते निसटूनही जात नाही, कारण ते म्हणणाऱ्याला त्या टाकलेल्या माणसाशेजारी जाऊन बसावं लागतं. न बसता म्हणणारा खोटा ठरतो.

माझी पत्नी शेवटचे सात महिने अंथरुणावर होती. ती श्रद्धाळू, मी नव्हे. भेटायला येणारे म्हणत, देव परीक्षा पाहतोय, तो पाठीशी आहे. ती हसून मान हलवायची आणि ते गेले की भिंतीकडे वळायची. एका संध्याकाळी म्हणाली, "आज त्याच्याशी बोलायचं नाहीये मला. तिथे कोणी आहे असंही वाटत नाही. पण तुम्ही दिवा लावा." मी लावला. रोज लावत गेलो. ती फसवत होती का स्वतःला? मला तरी तसं म्हणवत नाही. विश्वास या शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो : काहीतरी खरं आहे असं वाटणं, आणि दिलेला शब्द पाळणं. तिचं पहिलं गेलं होतं, दुसरं राहिलं होतं. तेरेसांचंही तसंच झालं असावं, असं पत्रं दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. अंधाराबद्दलची त्यांची तक्रारही पुष्कळदा त्या न दिसणाऱ्यालाच उद्देशून आहे. नास्तिक मित्रांनी ही गोष्ट फार घाईने ओलांडली.

संपादकांवर एक आक्षेप राहिला. पुस्तकाला त्यांनी जे नाव दिलं, ये आणि माझा प्रकाश हो अशा अर्थाचं, ते शब्द तेरेसांनी १९४७ च्या सुमारास ऐकलेल्या आवाजाचे आहेत. पुढची पत्रं तो आवाज बंद झाल्यानंतरची. मौनाच्या पुस्तकावर आवाजाची पाटी! आणि ही पत्रं नष्ट करा असं त्यांनी परत परत विनवलं होतं, त्याचं काय? मी ती वाचली, त्यांवर आज तासभर बोललोही, तेव्हा मी काही नामानिराळा नाही.

चिठ्ठी लिहिणारे आज आले असतील तर त्यांनी हात वर करावा. नाहीतर पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घेऊ.