तीन-तीन-दोनचा ठेका आणि आखाती कान

2017 च्या उन्हाळ्यात दुबईत ‘देस्पासितो’ टाळणे अवघड होते. टॅक्सीतला रेडिओ, मॉल, झुंबाचे वर्ग, हॉटेलांतले फिलिपिनो बँड, सगळीकडे तेच. गाणे स्पॅनिश, गाणारे प्युर्टो रिकोचे आणि ऐकणारे मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, अमिराती, मराठी. यांतल्या फार थोड्यांना त्यातले शब्द कळत होते. जस्टिन बीबरचे नाव, यूट्यूबचा पसारा आणि बड्या कंपनीची ताकद ही या यशाची नेहमी सांगितली जाणारी कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. माझ्या मते आखातात या गाण्याने जी जागा मिळवली तिचे एक कारण त्याच्या ठेक्यात आहे. हा ठेका आखाताला परका नव्हता. हे ध्यानात घेतले की संयुक्त अरब अमिरातीतल्या आजच्या संगीताचे बळही दिसते आणि उणीवही.

आधी गाण्याकडे पाहू. लुईस फॉन्सी, डॅडी यांकी आणि पनामाची गीतकार एरिका एंडर यांचे हे गाणे जानेवारी 2017 मध्ये आले. सुरुवातीला क्रिस्तियन निएवेसचा कुआत्रो वाजतो. तारांच्या पाच जोड्या असलेले हे प्युर्टो रिकोचे लोकवाद्य. धृपदाच्या तोंडाशी तालवाद्ये क्षणभर थबकतात, मुख्य शब्द एकेक अक्षर सुटे करून म्हटला जातो, आणि नाचणाऱ्याचे पाऊल उचललेलेच राहते. ठेका परत आला की ते जमिनीवर येते. भाषा न कळणाऱ्यालाही ही ओढ आणि ही सुटका अंगात जाणवते. चित्रीकरण सान हुआनच्या ला पेर्ला या समुद्रकाठच्या गरीब वस्तीत झाले. एप्रिलमध्ये बीबरसह नवी आवृत्ती आली आणि 1996 च्या ‘माकारेना’नंतर प्रथमच मुख्यतः स्पॅनिश गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अग्रस्थानी गेले. तिथे ते 16 आठवडे राहिले आणि तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी झाली. ऑगस्टमध्ये ते यूट्यूबवरचे सर्वाधिक पाहिलेले गाणे ठरले. तो मान नोव्हेंबर 2020 पर्यंत टिकला.

या झगमगाटामागचा, म्हणजे गाण्याच्या रेगेटॉन ठेक्याचा, इतिहास मात्र खडतर आहे. 1990 च्या सुमारास जमैकात शॅबा रँक्सच्या ‘डेम बो’ने जो ठेका गाजवला, तो त्याआधी स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने घडवलेला होता. पनामा कालव्याच्या कामासाठी गेलेल्या जमैकन मजुरांच्या वंशजांनी रेगे स्पॅनिशमध्ये गायले. पुढे तो ठेका न्यूयॉर्क आणि सान हुआनच्या गल्ल्यांत पोहोचला. 1995 मध्ये प्युर्टो रिकोच्या पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या संगीताच्या कॅसेट जप्त केल्या. 2004 मध्ये डॅडी यांकीचे ‘गॅसोलिना’ जगभर वाजले, आणि 2023 मध्ये तेच गाणे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेले. रेगेटॉनच्या वाट्याला हा मान प्रथमच आला. ज्या संगीताला पोलिसांनी गुन्हा मानले, ते तीन दशकांच्या आत ठेवा ठरले. स्पॅनिशमध्ये आल्यानंतरच्या प्रवासात त्याने भाषा बदलली नाही आणि वस्तीशी नाते तोडले नाही. माझ्या लेखी रेगेटॉनची खरी कमाई हीच.

आता ठेका. आठ मात्रा मोजा. रेगेटॉनमध्ये खर्जाचा ठोका पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो, तर स्नेअरची टोकदार थाप चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. कानात ठसतात त्या जागा म्हणजे एक, चार, सात. तीन, तीन आणि दोन असे तुकडे. आता आखाती लग्नात वाजणारा खलीजी ठेका घ्या. पहिल्या मात्रेवर ‘दुम’, चौथीवर पुन्हा ‘दुम’, सातवीवर ‘तक’. जागा त्याच. इजिप्त आणि लेबनॉनकडच्या मलफूफ ठेक्याचे विभाजनही हेच. मराठी वाचकाने केरव्याच्या आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडून टाळी दिली, तर हा झोका त्यालाही लगेच सापडेल. अरबांचा ठेका स्पेनमार्गे कॅरिबियनला गेला असे छातीठोकपणे सांगणे मला पटत नाही. तेवढा पुरावा नाही. पण ज्या कानांनी लहानपणापासून लग्नांत एक-चार-सात ऐकले, त्यांना ‘देस्पासितो’वर पाय हलवायला शिकावे लागले नाही, हे उघड आहे.

दुसरे साम्य अधिक खोल आहे. अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी प्युर्टो रिकोला ‘बोंबा’ हा ढोलाचा नाच दिला. हिंदी महासागरातल्या व्यापाराने आणि गुलामगिरीने पूर्व आफ्रिकेची माणसे आखातातही आणली.  अमिरातीतले ‘लीवा’ आणि ‘नुबान’ हे नाच हा त्यांचा वारसा. लीवात मोठ्या रिंगणात माणसे फिरतात, मधे ढोल असतात आणि वर सुरनाई वाजते. सुरनाई म्हणजे आपल्या सनईची नातलगच. नुबानमध्ये तंबुरा हे तारवाद्य असते, आणि एक नर्तक कमरेला बकऱ्यांच्या खुरांचा पट्टा बांधतो. या पट्ट्याला ‘मंजूर’ म्हणतात. कमर हलली की शेकडो खुरांचा खुळखुळाट तालात मिसळतो. जगातल्या कुठल्याही संगीतकाराने हेवा करावा असा हा आवाज आहे. तो आज ऐकू येतो तो प्रामुख्याने वारसा महोत्सवांत आणि राष्ट्रीय दिनाच्या कार्यक्रमांत.

लोकप्रिय अरबी संगीताने मात्र लॅटिन सूर फार पूर्वीच उचलले. गायक अम्र दियाबच्या 1996 च्या ‘नूर अल-ऐन’मधली स्पॅनिश वळणाची गिटार आजही ताजी वाटते, कारण ती गाण्याच्या अरबी चालीत मुरली आहे. ‘देस्पासितो’नंतरच्या अनेक अरबी गाण्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. संगणकातला तयार रेगेटॉन ठेका लावायचा आणि त्यावर नेहमीची चाल बसवायची, एवढेच पुष्कळदा होते. 2022 च्या कतार विश्वचषकाच्या चाहता महोत्सवासाठी निकी मिनाज, कोलंबियाचा मलूमा आणि लेबनॉनची मिरियम फारेस यांनी ‘तुको ताका’ केले. इंग्रजी, स्पॅनिश, अरबी अशा तीन भाषा त्यात आहेत, पण प्रत्येक जण आपला तुकडा म्हणतो आणि बाजूला होतो. आखाती ढोलाला पुढे येण्याची संधी होती, ती हुकली. त्याच वर्षी बादशाह, जे बाल्विन आणि टेनी यांनी ‘वूडू’ केले. हिंदी पॉपनेही तोच सोपा रस्ता धरला.

अमिरातीकडे साधनांची वाण नाही. दुबईचा कोका-कोला अरीना 2019 पासून सुरू आहे, अबू धाबीचा इतिहाद अरीना 2021 पासून. स्पॉटिफायने 2018 मध्ये अरब जगात पाऊल टाकले ते दुबईतून, आणि बैरूतमध्ये जन्मलेली ‘अंघामी’ ही संगीतसेवा 2021 मध्ये अबू धाबीला आली. नसीर शम्मा यांच्या मार्गदर्शनाखालचे ‘बैत अल-ऊद’ 2008 पासून ऊद हे तारवाद्य शिकवते. बर्कली संस्थेची अबू धाबी शाखा 2020 मध्ये उघडली आणि 2021 मध्ये युनेस्कोने अबू धाबीला संगीतनगरीचा दर्जा दिला. दुबईतल्या एक्स्पोसाठी ए. आर. रहमान यांच्या मार्गदर्शनाखाली ‘फिरदौस’ हा स्त्रियांचा वाद्यवृंद उभा राहिला. एवढे असूनही या देशातल्या गायकाचे सर्वांत गाजलेले गाणे कोणते? हुसेन अल-जस्मीचे 2014 चे ‘बुश्रत खैर’. ते इजिप्तच्या बोलीत, इजिप्तच्या निवडणुकीसाठी झालेले. अल-जस्मीच्या आवाजाची थोरवी मी मान्य करतो. पण त्याच्या खोर फक्कान या गावची बोली, तिथला ढोल घेऊन जगाच्या कानावर गेलेले गाणे अजून यायचे आहे. प्युर्टो रिकोकडे एवढी साधनसंपत्ती नव्हती, तरी त्याने आपली बोली आणि आपला कुआत्रो जगाला ऐकवला.

हक्कांचा प्रश्नही इथेच येतो. 2021 मध्ये स्टीली आणि क्लीव्ही यांच्या कंपनीने मूळ ठेक्याच्या वापरावरून अमेरिकेत दावा लावला. पुढे त्यात फॉन्सी आणि डॅडी यांकीसह शंभराहून अधिक कलाकार प्रतिवादी झाले. ठेक्यावर कुणाची मालकी असू शकते का, हा अवघड प्रश्न आहे. मला वाटते, ठेका सर्वांचा असावा, पण तो घडवणाऱ्याचे नाव आणि मोबदला बुडू नये. अमिरातीत 2021 च्या 38 क्रमांकाच्या कायद्याने कॉपीराइटचे नियम नव्याने बांधून घेतले. त्याचा लाभ स्टुडिओतल्या गायकाइतकाच लीवाच्या ढोलवादकालाही मिळाला पाहिजे. त्याचा ठेका कुणी ध्वनिमुद्रित करून वापरला, तर श्रेयनामावलीत त्याचे नाव यायला हवे.

यूएईत 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात. मराठी माणसाने तिथे 2010 मध्ये विश्व साहित्य संमेलन भरवले, गणेशोत्सवात ढोल-ताशे नेले, ‘झिंगाट’वर नाचून घेतले. त्या उत्साहाचे मोल आहेच. पण तिथे वाढलेल्या आपल्या मुलांच्या कानात ताशाही आहे, खलीजीही आणि रेगेटॉनही. तिन्ही ठेके ओळखणारी अशी पिढी पुण्या-मुंबईत सहज सापडणार नाही. तिने लॅटिन ठेक्याची नक्कल करावी असे मला वाटत नाही. तिने लीवाच्या उस्तादांकडे बसून शिकावे, ताशाची कडकड त्यांच्या रिंगणात नेऊन पाहावी. शाळांनी आणि मंडळांनी त्यासाठी कार्यशाळा घ्याव्यात, आणि मोठ्या अरीनांनी परदेशी ताऱ्यांच्या आधी अर्धा तास या प्रयोगांना द्यावा.

‘देस्पासितो’चा जगावर झालेला परिणाम आजवर ऐकणाऱ्यांच्या संख्येत मोजला गेला. त्याचा खरा परिणाम तेव्हा मानता येईल, जेव्हा ते ऐकून एखादा समाज आपल्या अंगणातला ढोल लाज न बाळगता पुढे आणेल. अमिरातीकडे तो ढोल आहे, पैसा आहे, कान तयार आहे. आता तिथल्या निर्मात्यांनी तो ढोल स्टुडिओत आणावा.