एकट्या यात्रिकाची शिदोरी

१९७१ साली साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ला मिळाला आणि बंगालीसाठीचा उमाप्रसाद मुखोपाध्याय यांच्या ‘मणिमहेश’ला. एक ललितनिबंधांचा संग्रह, दुसरे हिमालयातील भ्रमंतीचे पुस्तक. ‘पैस’ची चर्चा मराठीत विपुल झाली. ‘मणिमहेश’कडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही, आणि त्याचे कारण केवळ भाषेचे अंतर हे नसावे. प्रवासलेखनाकडून आपण जे मागतो ते उमाप्रसाद देत नाहीत, आणि ते जे देतात ते मागण्याची सवय आपल्याला नाही, अशी माझी समजूत आता झाली आहे.

बंगालीत या वाङ्मयप्रकाराला ‘भ्रमणकाहिनी’ म्हणतात. आपण ‘प्रवासवर्णन’ म्हणतो. हा भेद वरवरचा नाही. काहिनीला माणसे लागतात, वर्णनाला नजर पुरते. पाहणारा एक ‘मी’ आणि त्याच्यासमोर उलगडत जाणारे दृश्य एवढ्या सामग्रीवर वर्णन उभे राहू शकते. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या आत्मनिष्ठ ललितगद्याने या ‘मी’ला अधिकच पुष्ट केले, आणि समीक्षेनेही त्याला साथ दिली. त्यात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका लेखात मी असे प्रतिपादन केले होते की, पर्वतावरचा आणि अरण्यातला खरा प्रवास एकट्यानेच होतो. सोबत आली की अनुभव पातळ होतो. म्हणून एकांताची उत्कटता हाच या लेखनाचा निकष मानावा. ते विधान मी आज मागे घेत आहे. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

कोलकात्यात अलीपूरच्या बेल्व्हेडियर परिसरात राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्यातील ‘आशुतोष संग्रह’ म्हणजे सर आशुतोष मुखर्जी यांची खासगी ग्रंथसंपदा. १९४९ साली ती कुटुंबीयांनी राष्ट्राला दिली. ग्रंथांची संख्या ८०,००० च्या आसपास सांगितली जाते. उमाप्रसाद (१९०२–१९९७) हे या आशुतोषांचे पुत्र. एवढ्या ग्रंथांच्या छायेत वाढलेला हा मनुष्य आयुष्यभर हिमालयात पायी हिंडला आणि त्याने लिहिले ते असे की, त्यात विद्वत्तेचा वास येऊ नये. ‘गंगावतरण’, ‘पंचकेदार’, ‘कुआरी गिरिपथे’, ‘शेरपादेर देशे’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहावीत. पैकी शेवटचे मला फार बोलके वाटते. ज्या प्रदेशाला सारे जग एका शिखराच्या नावाने ओळखते, त्याला त्यांनी तेथे राहणाऱ्यांच्या नावाने ओळखले.

त्यांच्या आधीची बंगाली परंपरा शोकाची किंवा वैराग्याची होती. जलधर सेन हिमालयात गेले ते पत्नीवियोगाचे दुःख घेऊन. प्रबोधकुमार सान्याल यांचे ‘महाप्रस्थानेर पथे’ इतके लोकप्रिय झाले की १९५२ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. पण तेथेही यात्रेच्या वाटेवर चालणारा नायक आपल्याच अंतःकरणाची उकल करीत असतो. उमाप्रसादांचा ‘मी’ या तुलनेने अगदी कमी जागा व्यापतो. चंब्याच्या डोंगरांतील मणिमहेशचे सरोवर सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे, आणि ती यात्रा मुळात तेथील गद्दी मेंढपाळांची. अशा ठिकाणी शहरातून आलेला लेखक पाहुणा असतो, आणि पाहुण्याने किती बोलावे याचे भान उमाप्रसादांना आहे. त्यांचे गद्य काही वेळा सपाट होते, मुक्कामांची नोंद कंटाळवाणी वाटते, हेही सांगितले पाहिजे. अलंकाराची अपेक्षा ठेवणारा मराठी वाचक दहा पानांत पुस्तक मिटेल. मीही पहिल्या वेळी मिटले होते.

आता आपल्याकडे पाहू. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधला ‘माझा’ आपण मोठ्याने उच्चारतो, पण वरसईहून निघालेले विष्णुभट एकटे नव्हते, काका बरोबर होते. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी १९१२ च्या सुमारास केलेल्या हिमालययात्रेवर गुजरातीत लिहिलेले ‘हिमालयनो प्रवास’ हे एकांतसाधनेचे पुस्तक म्हणून वाचले जाते; त्या वाटेवर अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद त्यांच्यासोबत होते. एकटेपणाचा निकष यांना लावायचा तरी कसा? व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ (१९७९) हे या बाबतीत निराळे. जंगलात एकट्याने राहावे हा संकल्पच त्या पुस्तकाचा आरंभ आहे. त्यांचा एकटेपणा मला आजही प्रामाणिक वाटतो, कारण त्यांना तेथे स्वतःचे मन पाहायचे नव्हते, जनावरे पाहायची होती. पुढे वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिताना त्या पाहण्याचे चीज झाले. एकांत तेथे साधन आहे, साध्य नाही. हा फरक माझ्या जुन्या लेखात सुटला होता.

एकट्या यात्रिकाची जगप्रसिद्ध कथा गढवालमधील ‘फुलांच्या दरी’ची. १९३१ साली कामेट शिखरावरून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी भ्यूंदर खोऱ्यात उतरले. स्माइथ १९३७ मध्ये तेथे पुन्हा गेले आणि पुढल्या वर्षी त्यांचे पुस्तक आले. खोऱ्याला मूळ नाव होते, मेंढपाळांची तेथे ये-जा होती. तरी ‘शोध’ लागला असे म्हणण्याची रीत पडली. स्माइथ यांच्याबरोबर दार्जिलिंगकडची माणसे होती आणि त्यांनी पुस्तकात त्यांची दखल घेतली आहे, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. त्यांना वगळले ते आपण वाचकांनी. आपल्या स्मरणात एक इंग्रज गृहस्थ फुलांमध्ये एकटाच उभा राहिला. १९३९ मध्ये क्यू उद्यानाच्या वतीने जोन मार्गारेट लेग या वनस्पतिअभ्यासक बाई तेथे आल्या आणि वनस्पती गोळा करताना उतारावरून पडून मृत्यू पावल्या. त्यांनी पुस्तक लिहिले नाही. त्यांची समाधी तेवढी आहे, बहिणीने उभारलेली. १९८२ मध्ये ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली, चराई बंद झाली. त्यानंतर पॉलिगोनम जातीची उंच झुडपे फुलांवर मात करू लागली, आणि मेंढ्या नसल्याने असे झाले की काय, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. वनस्पतिशास्त्रातील त्या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. साहित्याचा विद्यार्थी म्हणून एवढेच दिसते की, दृश्यातून मेंढपाळ गेला की निसर्ग शुद्ध होतो, ही कल्पना आधी प्रवासवर्णनात रूढ झाली.

हे सर्व मला ग्रंथालयात सुचलेले नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात एका चर्चासत्रासाठी गेलो असताना तीन-चार दिवस हाताशी होते. साठीच्या उंबरठ्यावर एकदा एकट्याने पर्वतात जावे, आपलाच निकष आपल्यावर लावून पाहावा, या हेतूने सियालदहहून दार्जिलिंग मेल पकडली. जायचे होते सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात. पश्चिम बंगालचे हे उद्यान १९९२ पासूनचे, नेपाळच्या सीमेला लागून. त्याच कण्यावर ३,६३६ मीटर उंचीचे संदकफू. मानेभंज्यांगला पोहोचल्यावर कळले की उद्यानात एकट्याने जाता येत नाही, स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. माझी निराशा झाली, हे लपवीत नाही. एकांताचा एवढा मोठा संकल्प एका नोंदवहीपाशी अडला होता.

वाटाड्या तिशीतला, नेपाळीभाषक. टुमलिंगच्या पुढे चढावर माझा श्वास फुलू लागला तेव्हा त्याने काही न बोलता माझी पिशवी आपल्या पाठीवर घेतली. तीत कपडे, औषधे, खाण्याची पुडकी आणि ‘मणिमहेश’ची प्रत होती. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, आणि जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे, तिच्या पायात काटा रुतला, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. आपण ती तिच्या त्राग्याची किंवा देवाच्या कृपेची म्हणून ऐकतो. त्या चढावर मला ती पहिल्यांदा शिदोरीची कथा म्हणून आठवली. डोंगरावरच्या एकांताला खालून कोणीतरी भाकरी पोचवीत असते. माझ्या जुन्या निकषात जिजाईला जागा नव्हती.

संदकफूला पहाटे ढग फाटले आणि कांचनजंगेची सारी रांग उजळली. पश्चिमेला एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. मी भारावलो होतो, यात शंका नाही. परंतु त्या दृश्याविषयी मी जे लिहिले ते परतीच्या गाडीत वाचताना लाज वाटली. शब्द सगळे परके होते, कोणाही मराठी प्रवाशाच्या वहीत सापडतील असे. उंचीचे आकडे अचूक, ‘मी’ पानापानावर. मला वर आणणाऱ्याचे नाव पहिल्या दोन दिवसांच्या टिपणांत एकदाही आलेले नव्हते.

तिसऱ्या दिवसाच्या पानावर मात्र अक्षर बदलते. बांबूच्या बेटांपाशी मी त्याला झाडांची नावे विचारली होती. उच्चार मला नीट पकडता येईनात, तेव्हा त्याने वही मागून घेतली आणि स्वतःच लिहिले: लालीगुराँस, चिमाल, निगालो. निगालोच्या खाली, त्यावर जगणाऱ्या लाल पांडाचे नाव, हाब्रे. कोलकात्यात दुकानाची पाटी वाचताना मी अडखळतो. येथे, त्या शहरापासून सहाशे किलोमीटर दूर, अक्षरे आमची दोघांची एकच निघाली. हाब्रे आम्हाला दिसला नाही. त्याने लिहिलेल्या त्या चार शब्दांखाली मी तारीख घातली आणि त्याचे नाव विचारून घेतले.